घाटगल्लीची वरची पायरी

काल दुपारी गावाहून फोन आला, गल्ली वर आली म्हणून. सांगणाऱ्याच्या आवाजात आनंद नव्हता आणि दुःखही नव्हतं. बाजारात ओळखीचा कुणी दिसला होता, असं सांगावं तसं त्याने सांगितलं. आमच्या भागात पाऊस दोन वर्षं हुकला की माजलगावचं धरण आटत जातं, आणि पाणी पुरतं मागे हटलं की सिंदफणेच्या काठचं आमचं जुनं गाव तळातून बाहेर निघतं. सगळ्यात आधी महादेवाच्या देवळाचा ओटा. मग घाट. मग घरांची जोती, एकापुढे एक, जमिनीवर कुणीतरी आखून ठेवल्यासारखी. गाव वर आलं असं कुणी म्हणत नाही. गल्ली वर आली म्हणतात, कारण दगडाची ती एकच गल्ली होती. बाकीचं गाव मातीचं होतं, ते पहिल्याच पाण्यात विरघळलं.

फोन ठेवून मी सवयीने आतल्या खोलीकडे गेलो, मायला सांगायला. तिथे तिची कॉट आहे आणि गादी गुंडाळून ठेवलेली आहे. मागच्या दिवाळीनंतर ती गेली. दारात थोडा वेळ उभा राहिलो. ही बातमी जिला सांगावी अशी ती एकटीच होती, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

आटलेल्या धरणाला एक वास असतो. शेवाळाचा, मेलेल्या शिंपल्यांचा, आणि खूप दिवस बंद असलेलं लाकडी कपाट उघडल्यावर येतो तसा काहीसा. वैशाखाच्या झळांबरोबर तो कोसभर लांब येतो. भेगाळलेल्या तळावरून चालताना पायाखालची ढेपळं डगमगतात, खाली अजून ओल असते. मला या वासाची धास्ती बसली ती दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात. तेव्हा मी माजलगावला शाळेत शिकवत होतो, सुट्टी लागली होती, आणि माय म्हणाली होती, मला गावाकडं घेऊन चल.

घाटगल्ली वेशीपासून निघायची आणि उतरत उतरत नदीला मिळायची. दोन्ही अंगांना मिळून तीसेक घरं. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पुरुषभर दगडी भिंत, तिच्यावर पांढऱ्या मातीची, आणि डोक्यावर माळवद. सागाच्या तुळया, त्यांवर आडवी लाकडं, पाला, आणि वीतभर माती. भिंती एवढ्या जाड की भिंतीच्या पोटात धान्याचं बळद मावायचं. बाहेर ऊन पोळत असताना ओसरीवर पाय टाकला की थंडावा तळपायातून वर चढायचा. माळवदं एकमेकांना लागून होती. वेशीजवळच्या घराच्या जिन्याने वर चढलेलं मांजर घाटाजवळच्या घरात उतरायचं.

पण त्या गल्लीचं खरं डोकं तिच्या ओट्यांत होतं. रस्ता नदीकडे उतरायचा, ओटे उतरायचे नाहीत. वेशीजवळच्या घराचा ओटा जेमतेम गुडघ्याएवढा आणि घाटाजवळच्या घराचा माणसाच्या छातीला लागेल एवढा, पण सगळ्यांचे माथे एका पातळीत. इमामचाचांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या या गल्लीतली गवंडीकामं केली. ते सांगायचे, ही कोण्या जुन्या पुराची रेषा आहे. पाणी ओसरल्यावर लोकांनी वेशीपासून घाटापर्यंत सुतळी ताणली आणि ठरवलं की पुढे जो कुणी घर बांधील त्याने या सुतळीच्या वर बसायचं. त्यामुळे संध्याकाळी माणसं ओट्यांवर बसली की साऱ्या गल्लीतली डोकी एका ओळीत दिसायची. त्या ओट्यांवर बसायची मुभा सगळ्यांना नव्हती, हेही लिहायला हवं. ज्यांना नव्हती ते खाली रस्त्यात उभे राहून बोलायचे, आणि घाटाच्या टोकाला तर उभ्या माणसाचं डोकं बसलेल्याच्या पायाशी यायचं. सुतळीने फक्त पूर मोजला होता.

घरांच्या सामाईक भिंतींत, चुलीच्या उंचीवर, वीतभर चौकोनी भोक ठेवलेलं असायचं. शेजारणीकडून विस्तव मागायला. विस्तवाबरोबर त्यातून विरजण जायचं, मीठ जायचं, गावच्या बातम्या जायच्या. माझी मोठी बहीण कांता सहा वर्षांची असताना तापाने गेली, तेव्हा मी पाळण्यात होतो. त्या दिवशी पलीकडच्या बाईने भोकातून दोनदा विचारलं, ताप उतरला का म्हणून. माय काही बोलली नाही. तिसऱ्यांदा विचारणं आलं नाही. ती बाई दारातून आली.

एवढंच मायने मला कांताच्या मरणाबद्दल सांगितलं होतं, तेही एकदाच.

आमच्यात माणूस पुरतात. मोठ्यांची समाधी बांधतात, लहान लेकरांवर नुसता दगड ठेवतात. लेकरांची जागा वेगळी, देवळापलीकडे नदीच्या काठाला. बायका तिथवर जात नसत. बाबा कांताला ठेवून घरी आले आणि त्यांनी मायला सांगितलं, देवळाच्या नदीकडच्या कोपऱ्यापासून चाळीस पावलं, वर चपटा दगड ठेवलाय. दुसऱ्या दिवसापासून माय पाण्याला गेली की भरलेली घागर घेऊन पायऱ्या चढायची आणि सगळ्यात वरच्या पायरीवर डाव्या टोकाला थांबायची. तिथून बघितलं की देवळाचा तो कोपरा आणि त्यापलीकडचा दगड एका रेषेत यायचे. बायका समजायच्या दम घेतीय. घागर कधी डोक्यावर, कधी पायरीवर टेकवलेली. सहा-सात वर्षं, पावसाळ्यातले पुराचे दिवस सोडले तर रोज, तिने असा दम घेतला.

मग धरण आलं. लोकांनी घरांची लाकडं सोडवून नेली, चौकटी नेल्या, देव नेले. मोठ्यांच्या समाध्यांवरची मूठ मूठ माती नव्या गावच्या स्मशानात नेऊन ठेवली. लेकरांची कुणी नेली नाही. मायने बाबांना विचारलं असावं, कारण बाबांचं उत्तर मला आठवतं. लेकरांची समाधी नसते, म्हणाले. ते रागाने बोलले नव्हते. आता वाटतं, त्यांना परत त्या जागेवर जायचं नव्हतं.

मध्ये एकदा मी शाळेची सहल घेऊन कोकणात एका जुन्या बंदराच्या गावी गेलो होतो. मायला हौसेने बरोबर नेलं. समुद्राला लागून जांभ्या दगडाची एक जुनी आळी होती. उतरती कौलं, दारापुढे पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, समुद्राच्या बाजूच्या खिडक्या लहान आणि रस्त्याच्या बाजूच्या मोठ्या. मी मुलांना समजावत होतो की इथली माणसं वाऱ्याचं ऐकून घर बांधतात, आपल्याकडची उन्हाचं ऐकून. माय कुठे ऐकत होती. ती आळीच्या शेवटी धक्क्यावर उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होती. मी जवळ गेलो तर पाण्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "ह्याच्याखाली कुणाचं गाव हाय?"

तर तो उन्हाळा. नव्या गावची जमीन माळावरची, मुरमाड. जुन्या गावाची काळी जमीन सगळी पाण्यात गेलेली. धरण आटलं की तळातला गाळ शेतात नेऊन टाकायचा, हा आता सगळीकडचाच रिवाज झाला आहे, पण तेव्हा आमच्या गावाला त्याचं नवल होतं. गावच्या सोसायटीने खोदकामाचं मोठं मशीन मोजक्या दिवसांसाठी ठरवलं आणि सभासदांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या. सोसायटीचे चेअरमन म्हणजे माझे चुलते, अप्पा. आमचं आणि त्यांचं शेत सामाईक. पहिली चिठ्ठी निघाली ती आमच्याच शेताची. चेअरमनची चिठ्ठी फुग्यासारखी वर तरंगती, असं गर्दीतून कुणी म्हणालं, आणि अप्पाही हसले. दोन वर्षांत कुणाच्या शेतात धड काही पिकलं नव्हतं, पण त्या दिवशी माणसं हसत होती. रोहिणी निघायला थोडेच दिवस राहिले होते. ढग येण्याआधी जेवढा निघेल तेवढा गाळ काढायचा होता.

मशीन देवळामागच्या काठापासून सुरू करायचं ठरलं, कारण गाळ तिथे कमरेएवढा होता. हे मायने ऐकलं आणि ती सोसायटीच्या कचेरीत आली. आत चार माणसं बसलेली, म्हणून ती आत गेली नाही. दाराबाहेर पायरीवरच उभी राहिली आणि तिथूनच बोलली.

"अप्पा, तितं माझी कांता हाय."

अप्पांनी चष्मा काढला. थोडा वेळ ते चष्माच पुसत राहिले. मग म्हणाले, "वैनी, चाळीस वर्सं झाली."

"वर्सं किती झाली ते म्या इचारलं न्हाई. तेवढी जागा सोडा."

"जागा दाखवा, चारी अंगानं चार-चार हात सोडतो. माझी पुतनीच हाय ती. पर मशीन थांबवाया सांगू नका. उद्या पाऊस पडला तर आर्धं गाव माझ्या नावानं बोंबलंल."

घरी येताना मी मायला म्हणालो की इतक्या वर्षांनी आता तिथे काय असणार. मी शिकलेला होतो आणि मला तिची समजूत घालायची होती. ती थांबली. "काय आसंल म्हून तुला कोन इचारलं, बापू? जागा म्हनले मी."

सकाळी आम्ही तिघं गल्लीत उतरलो. माय, मी आणि इमामचाचा. चाचांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण त्या गल्लीचा दगड न् दगड त्यांच्या हातचा. तेव्हा ते पंच्याहत्तरीचे असतील. माय पुढे. जोत्याजोत्याला हात लावत ती नावं घेत होती. हे कासाराचं, हे जंगमाचं, इथे पिठाची चक्की आली होती, इथे नवी सून जळाली होती आणि लोक स्टोव्ह भडकला म्हणाले होते. चाचा मधेच दुरुस्त करायचे आणि ती त्यांना गप्प करायची. शेवटी ते कुरकुरले, "भाभी, तुमच्या घराचं जोतं मी भरलंय, अन्‌ तुमी मलाच शिकवा." आमचं घर आलं. गुडघाभर गाळातून नुसती दगडांची चौकट दिसत होती. माय आत शिरली आणि शिरताना तिने मान खाली घातली. आमच्या दाराची चौकट ठेंगणी होती. ती चौकट नव्या घराला लावून किती वर्षं झाली होती, वर मोकळं आभाळ होतं, तरी तिने मान वाकवली. मागून मीही वाकलो.

खाली घाट दिसत होता. तिकडे काठाला मशीन लागलेलं होतं. त्याच्या लोखंडी हाताची घरघर, ट्रॅक्टरांची रांग, उन्हात उडणारी गाळाची राख. माय घाटावर गेली. चिखलातून वर डोकावणारी सगळ्यात वरची पायरी तिने पायाने साफ केली, तिच्या डाव्या टोकाला उभी राहिली आणि पदर सावरला. मी देवळाच्या ओट्याजवळ. चाचा कोपऱ्यापासून चाळीस पावलं मोजत गेले, हातात काठी, काठीला लाल फडकं. माय हाताने खुणावत होती. अजून वर सरक. थोडं खाली. थांब, हितंच. चाचांनी काठी रोवली आणि फक्कीने भोवती चौकोन आखला, चारी अंगांनी चार-चार हात. काळ्या गाळावर पांढरी रेघ इतकी ठळक उठली की लांबून ट्रॅक्टरवाले बघायला लागले.

मशीन तिथून तीस-चाळीस हातांवर, नदीच्या बाजूला होतं. ते लांब आहे याचं मला बरं वाटत होतं.

अप्पा येऊन चौकोन बघून गेले. ड्रायव्हरला ताकीद दिली की या रेघेच्या आत बकेट पडता कामा नये. माय दिवसभर त्या चौकोनाशेजारी छत्री धरून बसली. दुसऱ्या दिवशीही. तिने तिथे विभूती ठेवली, बेलाचं पान ठेवलं, भाकरी सोडली तीही तिथेच, आणि आम्हाला वाढली. इतकी निवांत मी तिला फार वर्षांनी बघत होतो. चाचांशी ती जुन्या पाटलाच्या मिशीवरून थट्टा करत होती. मला वाटलं, झालं. माणसाला एवढंच हवं असतं, आपलं माणूस कुठे आहे ते ठाऊक असणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांना काही निरोप द्यायचा म्हणून मी नव्या गावात सोसायटीच्या कचेरीत गेलो. अप्पा जेवायला गेलेले. मी सावलीला पायरीवर टेकलो. वाट बघताना माणूस हाताशी असेल ते चाचपतो, तसा माझा हात पायरीवरून फिरत होता, आणि डाव्या टोकाला तो एका खोलगट जागी बसला. वाटीएवढी गोल झीज. मी खाली बघितलं. काळा दगड, कडा गुळगुळीत. पायरीवर पायरी, एकूण पाच, प्रत्येक दोन हात रुंद. असल्या कचेरीला एवढ्या ऐसपैस पायऱ्या का असतील, हे मी लहानपणापासून त्या चढत असूनही कधी मनात आणलं नव्हतं.

मग आठवलं. गाव उठलं त्या उन्हाळ्यात सोसायटीची इमारत नवी होत होती. घाटाच्या वरच्या पायऱ्या बैलगाडीत घालून आणल्या होत्या, आणि त्या गाडीत दगडांवर बसून मीही आलो होतो. साऱ्या गावाने त्या आणल्या होत्या, साऱ्या गावाने त्या रोज चढल्या, आणि साऱ्या गावाला त्यांचा विसर पडला. दोन दिवसांपूर्वी माय जिच्यावर उभी राहून अप्पांशी बोलली ती हीच पायरी. घागर टेकवून टेकवून झिजलेली ती जागा तिच्या पायाखाली होती आणि तिला कळलं नव्हतं. धरणात जिच्यावर ती उभी राहिली ती वरची पायरी नव्हती. ती सहावी होती.

मी गाडी कशी चालवत आलो ते आठवत नाही. घाटाच्या वर, नुसत्या चिखलात, अंदाजाने दहा हात मागे गेलो आणि डाव्या टोकाला उभा राहून देवळाच्या कोपऱ्यावरून नजर टाकली. पांढरा चौकोन रेषेत नव्हता. रेषा नदीकडे वळून सरळ मशीनने पाडलेल्या खड्ड्यात उतरत होती.

ड्रायव्हर नांदूरघाटकडचा पोरगेला गडी. झाडाची सावली नव्हती म्हणून मशीनच्याच सावलीत डबा खात बसला होता. इथे खणताना काही दगड लागला का, मी विचारलं. हाताने त्याने कडेला दाखवलं. चपटा दगड होता, पाटा असेल म्हणून बाजूला ठेवला, कुणाला तरी चटणी वाटायला होईल. कधी निघाला? काल सकाळी, पहिल्याच खेपांत. त्या खेपा कुणाच्या शेतात गेल्या, हे विचारलं तेव्हा त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "तुमच्याच की, गुर्जी. पैला नंबर तुमचा होता न्हवं?"

मी परत वर येऊन उभा राहिलो. चाचा माझ्याकडे येत होते, आणि मी कुठे उभा आहे ते बघून मधेच थांबले. गवंड्याची नजर. त्यांनी घाटाकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि होते तिथेच खाली बसले. जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "पायऱ्या मीच उपसल्यात्या, गुर्जी. ह्या हातानं. अन्‌ काल फक्की टाकली ती बी ह्याच हातानं." मग हळूच म्हणाले, "भाभीला सांगू नका."

खरं सांगायचं तर मी तेच ठरवत होतो. चौकोन सोडलेला आहे, विभूती ठेवलेली आहे, तिचं मन शांत झालंय. खोट्या जागेशेजारी ती सुखात बसली आहे, तर बसू दे. पुस्तकं वाचलेल्या माणसाला अशी कारणं पटकन सुचतात. मी ती एकापाठोपाठ मनात मांडत होतो, आणि मायची हाक आली, बापू, तितं उभा राहून काय बघायलास म्हणून. ती उठली. छत्री मिटली. चिखलातून हळूहळू वर चढत आली, माझ्याशेजारी उभी राहिली, आणि तिची मान आपोआप वळली. रोज सकाळी वळायची तशीच.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

बऱ्याच वेळाने ती खाली उतरून ड्रायव्हरकडे गेली. मशीन बंद करायला लावलं आणि किती खोल गेलास ते विचारलं. तो म्हणाला, "मावशी, पांढरी लागली की थांबतो." कांता गाळाखालच्या त्या पांढऱ्या मातीच्या वर होती की खाली, हे कुणाला माहीत असणार. बाबांनी पावलं सांगितली होती, खोली सांगितली नव्हती. मी मनात हिशेब करत राहिलो, सहा वर्षांच्या मुलीसाठी किती खणत असतील. मायने तसला हिशेब केला नाही. भरलेली ट्रॉली निघत होती, तिला थांबवलं, चपटा दगड वर ठेवायला लावला, आणि गाळाच्या ढिगावर चढून बसली. मी हात पुढे केला होता, तो तिने धरला नाही.

शेतात काळे ढीग ओळीने पडले होते, पन्नासेक तरी. पहिल्या खेपांचे कोणते, ते टाकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. माय ओळीने फिरली. प्रत्येक ढिगावर हात ठेवायची, पुढे जायची. तोवर अप्पांना कळलं होतं. ते बांधावर येऊन उभे राहिले, टोपी हातात. साऱ्या तालुक्यात भाषणं करणारा माणूस. वैनी, मला ठाऊक आसतं तर, एवढंच ते दोनदा म्हणाले.

माय फिरून आली आणि म्हणाली, "अप्पा, हितं ऊस लावू नका."

गाळ टाकून त्या शेतात ऊस करायचा, कारखान्याला घालायचा, हे अप्पांच्या मनात वर्षभर होतं. ते म्हणाले, "न्हाई लावत. मग काय करू?"

"ज्वारी पेरा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला हुरडा लई आवडायचा."

चाळीस वर्षांत कांताची ही एवढी एकच आवड मला कळली. त्याआधी ती माझ्यासाठी भिंतीतल्या भोकापलीकडून आलेला एक प्रश्न होती. त्या वाक्याने तिला दात आले, पोट आलं, हट्ट आला.

अप्पांनी शब्द पाळला, तोही जरा जास्तच. ठरलेले दिवस संपेपर्यंत मशीन त्या पांढऱ्या चौकोनाभोवती फिरून गेलं. आजूबाजूचा गाळ निघाला आणि मधोमध तो रिकाम्या जागेचा चौथरा कमरेएवढा उभा राहिला, वर बेलाचं वाळलेलं पान. रोहिणीत नाही, पण मृगात पाऊस आला आणि त्या साली तो थांबला नाही. गल्ली बुडाली, चौथरा विरघळला. ढीग पसरले गेले, मुरुमात मिसळले. चपटा दगड बांधाला होता.

रब्बीची ज्वारी छातीच्या वर गेली. असं पीक त्या माळावर कुणी बघितलं नव्हतं. लोक बांधावर थांबून गाळाची किमया म्हणायचे, आणि मी मान फिरवायचो. शेतात जाणंच मी टाळत होतो. पौषात मायचा निरोप आला, रविवारी हुरडा हाय. मी गेलो तेव्हा तिने गोवऱ्यांची आगटी पेटवली होती आणि नव्या गावातल्या दहा-बारा पोरी गोळा करून बसवल्या होत्या, सगळ्या सहा-सात वर्षांच्या. ती निखाऱ्यातून कणीस काढायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायची आणि एकेकीच्या ओंजळीत घालायची. पोरी भांडत होत्या, एकमेकींच्या ओंजळीतलं उचलत होत्या. अप्पा एका बाजूला मुकाट्याने गोवऱ्या मोडून देत होते. चाचाही आले होते. अप्पांना दिलं, चाचांना दिलं. मग तिने हात माझ्याकडे केला.

हिरवे दाणे, त्यांतून वाफ निघत होती. माझा हात पुढे होईना. कोणत्या मातीचे हे, एवढंच डोक्यात फिरत होतं. तिला ते दिसलं असणार, पण तिने हात मागे घेतला नाही.

"खा, बापू. निवतंय."

मी घेतले आणि तोंडात टाकले. कोवळे होते, दुधाळ, आणि फार गोड. मी चावतो की नाही ते ती बघत राहिली. मग तळहातावर चिकटून राहिलेले चार-पाच दाणे तिने आपल्या तोंडात टाकले आणि पुढचं कणीस आगटीत घातलं.